बोरिंगचं पाणी बिघडलं तर: इंदूरच्या कॉलन्यांसाठी पहिल्या पायरीपासून

इंदूरला नर्मदेचं पाणी १९७८ पासून येतं, पण बऱ्याच भागांत नळ एक दिवसाआड सुटतो. मधली सगळी गरज बोरिंग भागवतं. म्हणून बोरिंगच्या पाण्याला वास आला, फेस दिसला किंवा एकाच गल्लीतल्या चार घरांत जुलाब सुरू झाले, की पहिला उपाय ठरलेला असतो: ब्लीचिंग पावडर विरघळवून बोरमध्ये ओतायची. आठ दिवस बरं वाटतं, मग वास परत येतो. कारण घाण ज्या वाटेने खाली गेली ती वाट उघडीच राहिलेली असते. आधी वाट शोधा, मग ती बंद करा आणि शेवटी पाणी साफ करा. हा क्रम उलटा केला की पैसे आणि महिने दोन्ही वाया जातात.

पायाखाली काय आहे

माळव्याचं पठार काळ्या पाषाणाचं, म्हणजे बेसॉल्टचं आहे. वर काही फूट काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली कडक खडक. लाव्हाचे थर एकावर एक साचले आहेत आणि काही थरांच्या मध्ये तांबड्या मातीची पट्टी लागते. कडक खडकात पाणी फक्त भेगांत, सांध्यांत आणि सच्छिद्र पट्ट्यांत असतं.

वाळूच्या जमिनीत पाणी गाळत गाळत खाली जातं, वाटेत बरेच जंतू मरतात. खडकाच्या भेगेत हे गाळणं जवळजवळ होत नाही. म्हणून ‘शोषखड्डा विहिरीपासून पन्नास-साठ फूट लांब हवा’ हा नियम पाळूनही इथे खात्री देता येत नाही. भेग सरळ जोडलेली असेल तर दीडशे फुटांवरची घाणही काही दिवसांत पोचते, आणि नसेल तर शेजारचं बोरिंग स्वच्छ राहतं. काळी माती उन्हाळ्यात हातभर खोल फुटते. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसाचं पाणी त्या भेगांतून थेट मुरमात उतरतं. दरवर्षी पहिल्या पावसानंतर तक्रारी वाढतात त्या यामुळे.

पहिल्या दिवशी

पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी आणि दात घासण्यासाठी बोरिंगचं पाणी बंद करा. नर्मदेची लाईन आणि बोरिंग एकाच टंकीत सोडत असाल तर तो व्हॉल्व्ह आजच बंद करा, नाहीतर चांगलं पाणीही बिघडेल. पाणी खदखदून उकळलं तर जंतू मरतात. नायट्रेट (मैल्यातून आणि खतातून पाण्यात उतरणारा क्षार) मात्र उकळून जात नाही, पाणी आटलं की उलट दाट होतं. रिपोर्ट येईपर्यंत सहा महिन्यांखालच्या बाळाच्या वरच्या दुधात हे पाणी कुठल्याही रूपात वापरू नका.

नमुना घेणं

इथे सर्वांत जास्त चुका होतात, आणि चुकीच्या नमुन्याचा रिपोर्ट हा रिपोर्ट नसण्यापेक्षा वाईट. टंकीतून किंवा स्वयंपाकघरातल्या नळातून नमुना घेऊ नका. तो टंकीचा नमुना होतो, बोरिंगचा नाही. बोरिंगच्या डिलिव्हरी पाइपला टंकीच्या आधी एक साधी पितळी तोटी बसवून घ्या. पुढे वर्षानुवर्षं कामी येते.

मोटर सुरू करून पाणी ड्रेनेजमध्ये सोडा. दर पाच मिनिटांनी टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजणाऱ्या मीटरचं वाचन लिहा. लागोपाठ तीन वाचनं जवळपास सारखी आली की खडकातलं ताजं पाणी येऊ लागलं असं समजा. रोज चालणाऱ्या बोरिंगला वीसेक मिनिटं पुरतात, बंद पडलेल्याला तास-दोन तास लागतात.

जंतूंच्या तपासणीसाठी बाटली प्रयोगशाळेतूनच आणा. ती निर्जंतुक असते आणि तळाला सोडियम थायोसल्फेट असतं, जे पाण्यातलं क्लोरीन मारतं. ती बाटली धुऊ नका. तोटी स्पिरिटच्या बोळ्याने पुसून मिनिटभर ज्योतीवर तापवा, थोडं पाणी वाहू द्या, मगच बाटली भरा. झाकणाच्या आत बोट लावू नका आणि वर दोन बोटं जागा रिकामी ठेवा. बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो सहा तासांत पोचवा, चोवीस तासांच्या पुढे मुळीच नाही. म्हणून शनिवारी संध्याकाळी नमुना घेऊ नका.

रासायनिक तपासणीला एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा. धातू तपासायचे असतील तर प्रयोगशाळेकडून नायट्रिक ॲसिड घातलेली वेगळी बाटली मागा. पीएचई, म्हणजे सरकारच्या लोक आरोग्य यांत्रिकी विभागाची प्रयोगशाळा किंवा एनएबीएल या राष्ट्रीय संस्थेची मान्यता असलेली खासगी, दोन्ही चालतात. ई. कोलाय (मैल्यातला जंतू), नायट्रेट, क्लोराइड, अमोनिया, टीडीएस, पीएच, कठीणपणा आणि साबणाचा अंश दाखवणारी डिटर्जंटची चाचणी, एवढं नावं घेऊन मागा. नुसतं ‘पाणी तपासून द्या’ म्हटलं तर नको त्या वीस चाचण्या होतात आणि अमोनिया राहून जातो.

आपल्याबरोबर आजूबाजूची दोन-तीन बोरिंगं आणि नर्मदेचा नळही त्याच दिवशी तपासा. तुलना नसेल तर आकडा मुका राहतो.

रिपोर्ट वाचताना

भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) प्रमाणे १०० मि.ली. पाण्यात ई. कोलाय अजिबात सापडता कामा नये. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मि.ग्रॅ. आहे आणि तिच्यात सवलत नाही. क्लोराइड २५०, टीडीएस ५००, कठीणपणा २०० या स्वीकार्य मर्यादा आहेत. दुसरा स्रोत नसेल तर त्या अनुक्रमे १०००, २००० आणि ६०० पर्यंत चालवून घेतात. काळ्या पाषाणातलं पाणी मुळातच जड असतं. कठीणपणा ४५० आला म्हणून प्रदूषण झालं असं नाही.

आकडे एकत्र वाचा. ई. कोलाय आणि अमोनिया दोन्ही सापडले, क्लोराइड शेजाऱ्यांपेक्षा दुप्पट आहे, डिटर्जंटही आहे: ताजं सांडपाणी येतंय आणि वाट जवळची आहे. नायट्रेट जास्त पण जंतू नाहीत: घाण जुनी आहे किंवा लांबून येते. शहराच्या कडेला, जिथे कालपर्यंत सोयाबीन आणि गहू होते, तिथे खताचाही संशय घ्या. फक्त जंतू आहेत आणि बाकी सगळं शेजाऱ्यांसारखं: बहुधा पावसाचं किंवा अंगणातलं पाणी बोरच्या तोंडातून शिरतंय.

एक फसवी जागा आहे. काही प्रयोगशाळा नायट्रेट ‘नायट्रोजन म्हणून’ देतात. तसं असेल तर त्या आकड्याला ४.४३ ने गुणा. रिपोर्टवरचे १२ म्हणजे प्रत्यक्षात ५३, मर्यादेबाहेर.

वाट शोधणं

सगळ्यांत स्वस्त चाचणी मोटरनेच होते. बोरिंग रात्रभर बंद ठेवा. सकाळी मोटर सुरू केल्यावर पहिल्या मिनिटाला, पंधराव्या मिनिटाला आणि तासाभराने असे जंतूंचे तीन नमुने घ्या. पहिला वाईट आणि तिसरा बराच चांगला असेल तर घाण बोरच्या तोंडाशी किंवा केसिंगजवळ (बोरच्या वरच्या भागात माती ढासळू नये म्हणून बसवलेला पाइप) शिरते आहे. पाणी उपसत जाल तसं ते बिघडत गेलं तर मोटर लांबची घाण भेगांतून ओढते आहे. पुढचा सगळा शोध या एका फरकावर ठरतो.

तोंड तपासा. केसिंग जमिनीच्या वर निदान दीड फूट असावं, पावसात जितकं पाणी तुंबतं त्याच्याही वर. आपल्याकडे अनेक बोरिंगं फरशीच्या पातळीला किंवा खड्ड्यातल्या चेंबरमध्ये झाकलेली असतात आणि पार्किंग धुतलेलं पाणी त्यातच जमतं. झाकणातली केबलची भोकं उघडी असतात, ती रबरी ग्रोमेटने बंद करा.

केसिंग कुठे थांबलं हे त्याहून महत्त्वाचं. केसिंगचा भाव फुटावर असतो, म्हणून ते मुरमातच थांबवायचा मोह होतो. ते कडक, न फुटलेल्या खडकात निदान चार-पाच फूट रुतलेलं हवं. शिवाय भोक मोठं आणि केसिंग लहान, म्हणून भोवती पोकळी राहते. ती पोकळी मातीने बुजवलेली असेल तर बोरिंगच्या अंगालाच घाणीचा उभा पाट तयार होतो. बोरिंगमध्ये कॅमेरा सोडणारे आता इंदूरमध्ये सहज मिळतात. मोटर काढून, पाणी स्थिर झाल्यावर कॅमेरा सोडा आणि केसिंगच्या खालच्या टोकाशी थांबा. तिथून पाण्याची धार खाली पडताना दिसली तर अर्धं काम झालं. कुठली भेग किती फुटांवर आहे तेही त्याच वेळी लिहून ठेवा.

मग ड्रेनेज. जुन्या वस्त्यांत अजून चिनी मातीचे पाइप आहेत, सांधे सुटलेले, झाडांच्या मुळ्या शिरलेल्या. चेंबरची परीक्षा सोपी आहे. बाहेरची वाट रबरी बुचाने किंवा वाळूच्या पिशवीने बंद करा, पाणी काठोकाठ भरा, तासभर भिजू द्या, परत भरून खूण करा. पुढच्या तासात पाणी बोटभराहून जास्त उतरलं तर चेंबर गळतो. एकेक करून सगळे चेंबर असेच तपासा. गळती महापालिकेच्या लाईनमध्ये असेल तर ३११ ॲपवर तक्रार नोंदवा आणि तिच्यासोबत पाण्याचे रिपोर्ट जोडा.

सेप्टिक टँकवर संशय असेल तर युरॅनीन हा हिरवा चमकणारा रंग वापरतात. दहा-वीस ग्रॅम पुरतो. तो संडासातून भरपूर पाण्यासह सोडा, मग तीन-चार दिवस दर काही तासांनी बोरिंगचं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन पांढऱ्या कागदासमोर धरा. रात्री जांभळ्या अतिनील टॉर्चने अंधुक रंगही दिसतो. आधी शेजाऱ्यांना सांगा. आणि चाचणी चालू असताना बोरमध्ये ब्लीचिंग घालू नका, क्लोरीन हा रंग खाऊन टाकतं. रंग दिसला तर वाट सिद्ध झाली. दिसला नाही म्हणून वाट नाही असं ठरत नाही.

दोन वाटा लोक विसरतात. पहिली, गल्लीतलं आटलेलं जुनं बोरिंग. त्यात कोणीतरी अंगणाचं किंवा गॅलरीचं पाणी सोडलेलं असतं. दुसरी आपणच केलेली: छताच्या पाण्याचं पुनर्भरण. हे काम चांगलं आहे आणि व्हायलाच हवं, पण बोरमध्ये फक्त छताचं पाणी जावं. रस्त्याचं, पार्किंगचं, बागेचं पाणी त्यात कधीही सोडू नका. पावसाळ्याच्या सुरुवातीचं आणि प्रत्येक मोठ्या खंडानंतरचं पहिलं एक-दोन मिलिमीटर पाणी बाहेर टाका. १०० चौरस मीटर छताला ते १०० ते २०० लिटर होतं. गाळणीतली वाळू दरवर्षी मे महिन्यात काढून धुवा.

वाट बंद करणं

केसिंगभोवतीची पोकळी सिमेंटच्या ग्राउटने, म्हणजे सिमेंट आणि पाण्याच्या दाट मिश्रणाने, भरायची. हिशोब असा. भोक २२५ मि.मी. आणि केसिंग बाहेरून १८० मि.मी. असेल तर पोकळी फुटाला सुमारे ४.४ लिटर. ४० फुटांना १७५ लिटर. ५० किलोच्या एका पोत्यात २६ लिटर पाणी घातलं की साधारण ४२ लिटर ग्राउट होतं. म्हणजे चार पोती झाली, पण मुरमात बरंच मुरतं, म्हणून सहा जवळ ठेवा. पाणी सढळ हाताने घालू नका. पातळ ग्राउट बसतं, आक्रसतं आणि केसिंगच्या कडेने परत फट पडते.

ग्राउट वरून ओतू नका. बारीक पाइप पोकळीच्या तळापर्यंत नेऊन खालून वर भरत या, म्हणजे पाणी आणि हवा वर निघून जातात. पोकळी मातीने गच्च भरली असेल तर पाइप उतरत नाही. तेव्हा आतून अस्तर घालतात: १६५ मि.मी.च्या बोरमध्ये १२५ मि.मी.चा जाड पीव्हीसी पाइप, तळाला रबरी पॅकर (दोन्हींमधली फट बंद करणारं कडं), आणि दोन्हींमधली जागा ग्राउटने भरलेली. फुटाला २.८ लिटर, १०० फुटांना सात पोती. पॅकर कॅमेऱ्यात दिसलेल्या शाबूत खडकावर बसवा, घाणेरड्या भेगेच्या खाली आणि चांगल्या भेगेच्या वर. चार इंची सबमर्सिबल उतरेल एवढा आतला व्यास राहतोय का, हे पाइप घेण्याआधी मोजा.

इथे दोन गोष्टी बिघडतात. ओलं ग्राउट जड असतं आणि सुकताना तापतं. एकदम शंभर फूट भरलं तर पीव्हीसी आत दबतो. पाइप आतून पाण्याने भरलेला ठेवा, वीस-वीस फुटांचे टप्पे करा आणि प्रत्येक टप्प्याला एक दिवस द्या. दुसरं, वरच्या भेगा बंद झाल्याने पाणी कमी होऊ शकतं. कमिटीला हे कामाआधीच सांगा.

शेवटी तोंडाभोवती एक मीटरचा काँक्रीटचा ओटा, बाहेर उतार दिलेला. ‘आणखी खोल बोरिंग मारू’ हा सल्ला मात्र ऐकू नका. वरची घाण तशीच राहिली तर नवं भोक तिला खालच्या स्वच्छ भेगांपर्यंत नेतं. शिवाय मध्य प्रदेश पेयजल परिरक्षण अधिनियम १९८६ खाली जिल्हाधिकारी उन्हाळ्यात नव्या बोरिंगवर बंदी घालतात, तिची चौकशी वेगळी करावी लागते.

आता पाणी साफ करा

आधी उपसा. साडेसहा इंची बोरमध्ये फुटाला साडेसहा लिटर पाणी असतं. बोर ४०० फूट आणि पाणी १०० फुटांवर असेल तर ३०० फुटांचा स्तंभ, म्हणजे १९५० लिटर. याच्या निदान पाचपट पाणी काढा आणि ते ड्रेनेजमध्येच सोडा, शोषखड्ड्यात नाही. टीडीएस आणि क्लोराइड स्थिर होईपर्यंत उपसा चालू ठेवा. काही ठिकाणी एक दिवस लागतो, काही ठिकाणी आठवडे.

मग क्लोरीन. लिटरला ५० मि.ग्रॅ. धरलं तर १९५० लिटरला सुमारे ९८ ग्रॅम क्लोरीन लागतं. ताज्या ब्लीचिंग पावडरीत ३३ टक्के असतं, दुकानात पडून राहिलेलीत कमी. २५ टक्के धरा आणि ४०० ग्रॅम पावडर घ्या. पोतं उघडल्यावर तिखट वास आला नाही तर ती टाकून द्या. पावडर प्लास्टिकच्या बादलीत २० लिटर पाण्यात ढवळा, तासभर निवळू द्या, फक्त वरचं स्वच्छ पाणी बोरमध्ये ओता. तळाचा चुना गेला तर भेगा आणि मोटर दोन्ही चोंदतात. नंतर डिलिव्हरीला होज जोडून तेच पाणी तासभर परत बोरमध्येच फिरवा, केसिंगच्या भिंतींवर सोडत. टंकी आणि घरातले सगळे नळ वास येईपर्यंत उघडा, मग १२ ते २४ तास बंद ठेवा. पुढे वास जाईपर्यंत उपसा.

हातमोजे आणि चष्मा घाला. ब्लीचिंगमध्ये ॲसिड किंवा संडास साफ करायचं द्रव कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. जुन्या घरात उघडी विहीर किंवा बावडी असेल तर गाळ काढायला कोणालाही हवा तपासल्याशिवाय आणि दोराशिवाय उतरवू नका. खालच्या हवेत प्राणवायू कमी असला तर माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो, आणि त्याला वाचवायला उतरलेलाही.

रोजच्या वापरासाठी टंकीत १००० लिटरला ८ ग्रॅम पावडर, अर्धा तास थांबून. नळाला मुक्त (जंतू मारायला उरलेलं) क्लोरीन लिटरला ०.२ ते ०.५ मि.ग्रॅ. मिळायला हवं, त्यासाठी छोटा चाचणी संच ठेवा. डोस दुप्पट करूनही काही उरत नसेल तर पाण्यात बहुधा अमोनिया आहे, म्हणजे वाट अजून उघडी असावी.

नायट्रेटवर क्लोरीन, तुरटी, उकळणं यांतलं काही चालत नाही. पिण्यापुरता आरओ लावा आणि त्याचं टाकाऊ पाणी पुन्हा जमिनीत मुरवू नका. वाट बंद झाल्यावर नायट्रेट हळूहळू उतरतं, एक-दोन पावसाळे धरून चाला. मुरमात साठलेलं सावकाश सुटतं.

पेट्रोलचा वास आला तर

हे काम कॉलनीचं नाही. बोरचा स्टार्टर दाबू नका, कारण ठिणगी पुरेशी असते. पंपाची खोली उघडी टाका, त्या पाण्याने आंघोळही करू नका, आणि अग्निशमन दल व प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या इंदूर कार्यालयाला लेखी कळवा.

काम कसं चालतं ते मात्र समजून घ्या, म्हणजे अर्ध्यावर सोडलेलं ओळखता येईल. गळकी टाकी आधी रिकामी करतात. भोवती निरीक्षण बोरिंगं घेऊन पाण्याची पातळी आणि वर तरंगणाऱ्या पेट्रोलची जाडी मोजतात. तरंगतं पेट्रोल वेगळं खेचून काढतात, मुरमातली वाफ पंपाने शोषतात आणि पाण्यात विरघळलेलं बेंझिन हवेच्या मनोऱ्यातून किंवा सक्रिय कोळशातून काढतात. उपसा थांबवल्यावर आकडे पुन्हा चढतात, कारण बारीक भेगांत आणि मुरमात अडकलेलं नंतर सुटतं. म्हणून पंप चालू असतानाचा एक चांगला रिपोर्ट स्वीकारू नका. पंप बंद करून काही महिन्यांनी, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर अशा दोन्ही वेळचे आकडे मागा.

नंतरची तपासणी

क्लोरीन पूर्ण निघून गेल्यावर आठवड्याने जंतूंचा पहिला नमुना, महिन्याने दुसरा. खरी परीक्षा पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या आठवड्यात होते, तो नमुना चुकवू नका. पुढे वर्षातून दोनदा, मेअखेरीस आणि ऑगस्टमध्ये. टीडीएस मात्र दर रविवारी मोजून मोटरच्या खोलीत लिहून ठेवा. आकडा अचानक उडी मारतो तेव्हा वासाच्या आधी तोच सांगतो.

गल्लीतलं निकामी बोरिंग याच कामात बुजवून टाका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या निर्देशांप्रमाणे ते तळापासून जमिनीपर्यंत भरायचंच असतं. प्रदूषणासाठी एवढं पुरत नाही: खाली स्वच्छ खडी, आणि वरचे निदान वीस फूट सिमेंट ग्राउट, म्हणजे सुमारे १३० लिटर, तीन-चार पोती. भरल्यावर त्याची जागा आणि खोली कॉलनीच्या नकाशावर लिहा, म्हणजे पुढे तिथे कोणी शोषखड्डा खणणार नाही.